हिरडीच्या रंगाचा ड्रोन

तीर्थरूप ताईस,

तुझ्या अतिशहाण्या भावाचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो. टेबलाखाली एक बारीक स्क्रू गेला होता, तो चाचपडताना तुझी आठवण झाली, तेव्हा तिथल्या तिथे नमस्कार उरकून घेतला. स्क्रू मिळाला नाही.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारायचं म्हटलं तर पंचाईत अशी, की तू माझा फोन उचलत नाहीस. धाकट्याला विचारलं की तो "बरी आहे" म्हणतो आणि लगेच हवापाण्यावर घसरतो. त्याच्या बायकोला विचारलं की ती म्हणते, "भाऊजी, तुम्हीच विचारा ना त्यांना," म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून हे पत्र. उभा जन्म टपाल खात्यात काढलेली बाई घरी आलेलं पाकीट न उघडता ठेवणार नाही, एवढ्या एका भरवशावर लिहायला बसलो आहे. वाचून झाल्यावर फाडलंस तरी माझी हरकत नाही. आधी फाडू नकोस.

डोळे कसे आहेत? ऑपरेशन होऊन चौदा महिने झाले, आता पेपर जवळ धरून वाचतेस की अजून सवयीने हात लांब करतेस? गुडघ्याखाली उशी घेतेस ना? तिथे जादा उशी आहे का? नसली तर हक्काने मागून घे, धाकट्याच्या घरी तू काही पाहुणी नाहीस. (म्हणजे आहेस. पाहुणीच आहेस. पाहुणे चार दिवस राहतात आणि आपल्या घरी जातात, एवढं लक्षात असू दे.)

माझं ठीक चाललं आहे. जेवतो, झोपतो, दात करतो. कवळ्यांच्या कामाला तोटा नाही. डॉक्टरीणबाईंकडे मापं घ्यायला अजून मीच जातो आणि घरी येऊन पुढच्या खोलीत साचे ओततो, सगळं तू बघितलंस तसंच. फक्त सकाळी चहाचे दोन कप काढतो. एकच काढायचा असतो हे हाताला अजून पटलेलं नाही. मग दुसरा परत ठेवायचा कंटाळा येतो, म्हणून त्यात स्क्रू ठेवतो.

आता झालं गेलं मी उगाळत नाही. (थोडंसं उगाळतो.) तू डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर धाकट्याकडे गेलीस आणि इकडे मी ते कपाट करून घेतलं. साच्यांसाठी. ताई, तूच सांग, तीस वर्षांचे लोकांचे प्लास्टरचे जबडे मी ठेवायचे कुठे? पलंगाखाली झाले, माळ्यावर झाले, तुझ्या शिवणाच्या पेटीत एक निघाला तेव्हा तूच आरडाओरडा केलास. सुतार म्हणाला एवढं मोठं कपाट एकाच भिंतीला बसेल, मी म्हटलं बसव. त्या भिंतीला तुझी खिडकी होती, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही. माहीत होतं. पण मला वाटलं, खिडकी काय, दुसऱ्या खोलीतही आहे. आणि तू आलीस, डोळ्यांवर ती हिरवी झापडं, ती काढलीस, खुर्ची ओढून तुझ्या जागेवर बसलीस आणि समोर माझं कपाट. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसतं म्हणालीस, "मला आता या घरातून काहीसुद्धा दिसत नाही." चार दिवसांनी डोळे तपासायचे म्हणून दोन आठवड्यांसाठी धाकट्याकडे गेलीस. कुठल्या डोळ्याच्या डॉक्टरकडे चौदा महिने रांग असते ते मला सांग.

तर तुझं ते वाक्य मी मनावर घेतलं. माझं कसं आहे हे तुला माहीतच आहे, कोणी म्हणालं दात टोचतो, तर मी दात घासून देतो, माणूस का रडतोय ते विचारत नाही. ताईला दिसत नाही, तर ताईला दिसलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. कपाट हलवायचा विचार शिवला नाही का? शिवला. पण त्यात सहाशेच्या वर जबडे आहेत, ते काढा, कपाट ओढा, परत लावा. आणि कपाट हलवणं म्हणजे माझं चुकलं असं सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या आवाजात कबूल करणं. त्यापेक्षा उडणारं यंत्र बनवणं मला सोपं वाटलं. तू हसते आहेस. हस. मला इथून ऐकू येत नाही, तरी हस.

सुरुवात समोरच्या स्टुडिओवाल्यापासून झाली. हल्ली त्याच्याकडे फोटो काढायला कोणी जात नाही, तेव्हा तो विकाऊ घरांच्या रिकाम्या खोल्यांचे फोटो काढतो. त्यासाठी त्याने एक कॅमेरा घेतलाय, साबणाच्या वडीएवढा, पुढे एक डोळा आणि मागे एक डोळा. तो एकदाच टिचकी मारतो आणि चहूकडचं सगळं टिपतो: समोरचं, पाठीमागचं, छत, जमीन. मग डोळ्यांवर एक डबा बांधायचा आणि बसल्या जागी मान फिरवायची. जिकडे मान, तिकडचं दिसतं. त्याने मला एका रिकाम्या स्वयंपाकघराचं चित्र दाखवलं आणि मी तिथे खुर्चीत गोल गोल फिरत राहिलो, आणि त्या परक्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसला तेव्हा मी खुर्ची तिथेच थांबवली. तू आपल्या खिडकीत बसून काय बघत असायचीस ते मी कधी विचारलंच नव्हतं. मला ठरवायला एक मिनिटही लागलं नाही: हा कॅमेरा आपल्या तिसऱ्या मजल्यासमोर, रस्त्याच्या बरोबर मधोमध, हवेत टांगायचा, चित्र तुला पाठवायचं, तू धाकट्याच्या खुर्चीत बसून मान फिरवायची. खिडकीतून दिसायचं त्याच्या दुप्पट, आणि मध्ये गज नाहीत.

टांगायचा कसा, एवढाच प्रश्न होता. आधी मी माझ्या खिडकीतून पडद्याची दांडी बाहेर काढून पाहिली. चित्रात दांडी आली, दांडीच्या टोकाला माझा हात आला, हाताच्या टोकाला मी आलो आणि खालून लाँड्रीवाला ओरडतोय तोही आला. (त्याच्या डोक्यावर दांडीची टोपण-गोळी पडली होती. लागलं नाही. तो तुझी चौकशी करत होता.) मग ड्रोन. कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्त करणारी बाई आहे ना, जिला तू टाचणी म्हणायचीस, बारीक आहे आणि टोचून बोलते म्हणून, तिला यातलं कळतं. ती म्हणाली, तयार ड्रोनला हा कॅमेरा खाली लटकवाल तर वरचा डोळा ड्रोनचं पोटच बघत राहील. तुमच्या बहिणीला काय ड्रोनचं पोट दाखवायचंय? कॅमेरा ड्रोनच्या मधोमध आडवा झोपवला पाहिजे, एक डोळा आभाळाकडे, एक जमिनीकडे, आणि भोवतालचा सांगाडा इतका चपटा, की दोन डोळ्यांच्या नजरा जिथे जुळतात त्या फटीतच तो लपला पाहिजे. असा सांगाडा बाजारात मिळत नाही, म्हणाली, करून घ्यावा लागेल. करून घ्यावा लागेल! ताई, तीस वर्षं मी दुसरं काय करतो? एकासारखं दुसरं तोंड नसतं, प्रत्येकाला मापाचं. मी म्हटलं, बाई, उद्या माप घेतो.

आणि इथे पहिली माती खाल्ली. माप घ्यायचं म्हटल्यावर माझे हात आपोआप जे करतात ते त्यांनी केलं. मापाची पावडर पाण्यात घोटली, तोंडात धरायच्या पळीत भरली आणि स्टुडिओवाल्याचा कॅमेरा त्यात दाबून धरला. (सवयीने मी त्याला "हं, आता हलू नका, नाकाने श्वास घ्या" असंही म्हणालो.) माप काय सुरेख आलं, ताई! बटणाच्या कडासुद्धा उठल्या. फक्त आवाज आत जायच्या भोकांत, तार खुपसायच्या खाचेत आणि एका डोळ्याच्या काठाला तो लगदा जाऊन बसला आणि घट्ट झाला. दोन दिवस मी दातकोरण्याने कॅमेऱ्याचे दात कोरत होतो. स्टुडिओवाला समोर बसून बघत होता आणि मला त्याची जास्त भीती वाटत होती. शेवटी कॅमेरा चालू झाला. तेव्हापासून त्यात आवाज मात्र येत नाही. तुला नाहीतरी रस्त्याच्या भोंग्यांचा त्रास व्हायचा.

पहिला सांगाडा मी धातूत ओतला, ज्या धातूत अर्ध्या कवळ्या ओततो त्याच. दिसायला दागिना. टाचणीने तो एका बोटावर तोलला आणि विचारलं, "हा उडवायचाय की दाराला अडणा म्हणून लावायचाय?" दुसरा मग कवळीच्याच प्लास्टिकचा केला. त्याला चार हात, हातांच्या टोकांना चार मोटरी, मोटरींवर चार पंखे, मध्ये कॅमेऱ्यासाठी टाळूसारखी पातळ बैठक. माझ्याकडे प्लास्टिक एकाच रंगाचं असतं हे तुला माहीत आहे. त्यामुळे ड्रोन हिरडीच्या रंगाचा झाला. गुलाबी. बारीक लाल शिरांसह. टेबलावर वाळत ठेवला होता आणि त्याच दिवशी निवृत्त मुख्याध्यापक आपली कवळी न्यायला आले. (त्यांची कवळी राहिली होती, कारण भट्टीत जागा ड्रोनच्या हातांनी अडवली होती, ते दोन आठवडे पेजेवर होते आणि भयंकर चिडलेले होते.) त्यांनी त्या सांगाड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आपल्या तोंडाला हात लावला आणि एकदम नरमाईने म्हणाले, "एवढी मोठी नाही हो बसायची मला." मी खूप हसलो. आणि हसता हसता मान वळवली, तुला सांगायला. तिथे कपाट होतं.

तो सांगाडा मोडला. प्लास्टिक कडक, पडलं की काडकन जातं. कवळी बेसिनमध्ये पडते तेव्हा बघितलंस ना. तिसऱ्यात मी जाळी घातली, तुटक्या कवळ्या सांधताना घालतो ती. चौथ्यात हात आतून पोकळ केले. पाचव्यात कॅमेऱ्याखाली मऊ अस्तर लावलं, ज्या म्हाताऱ्यांच्या हिरड्या दुखतात त्यांच्या कवळीला लावतो ते, कारण मोटरींच्या थरथरीने चित्र पाण्यातल्यासारखं डुचमळत होतं. टाचणी म्हणाली, हे अस्तर कुठून आणलंत, मोठमोठ्या कारखान्यांना असं जमत नाही. मी छाती काढून म्हटलं, मुख्याध्यापकांच्या खालच्या जबड्यातून. आठ महिने चाललं होतं हे. एका महिन्यात मी तीन सांगाडे केले आणि एका महिन्यात एकही नाही. त्या महिन्यात धाकटा फोनवर बोलता बोलता म्हणून गेला, की ताईने इथल्या वाचनालयात नाव घातलंय. वर्षभराचं. मी "छान" म्हणालो, फोन ठेवला आणि भट्टी बंद केली. वाचनालयात वर्षभराचं नाव घालतात का कोणी, दोन आठवड्यांसाठी आल्यावर?

पण खरी फजिती उड्डाणाची. सहावा सांगाडा सगळ्या परीक्षांत पास झाला. वजन बरोबर, तोल बरोबर, टाचणीने तारा डाख देऊन जोडल्या, बॅटरी भरली, आणि आम्ही शाळेच्या रिकाम्या मैदानात गेलो. मी रिमोटचा दांडा वर केला. ड्रोन टाचेएवढा उचलला गेला आणि कुशीवर वळून पालथा झाला. परत केला. परत पालथा. अकरा वेळा, ताई. झोपमोड झालेल्या माणसासारखा दर वेळी कूस बदलून पडायचा. टाचणीने सगळ्या तारा उपसल्या, परत जोडल्या, पंखे बदलले, शेवटी ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, काका, कागदावर मी 'उजवी पुढची मोटर' लिहिलंय ती कुठे लावलीत, बोट ठेवा. मी बोट ठेवलं. ती म्हणाली, ही डावी आहे. मी म्हटलं, अहो, ही उजवी! ती म्हणाली, तुमचा हा कुठला हात? आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या धंद्यात उजवी दाढ म्हणजे पेशंटची उजवी. तो माझ्यासमोर तोंड उघडून बसलेला असतो, त्याची उजवी माझ्या डावीकडे. तीस वर्षं मी जगाची उजवी बाजू डावीकडे बघत आलो आहे. ड्रोनही माझ्याकडे तोंड करून बसलाय असं समजून मी मोटरी लावल्या होत्या. बिचारा डावीकडे कलला की त्याच्या मेंदूला वाटायचं आपण उजवीकडे कललो, म्हणून तो आणखी जोरात डावीकडे जाऊन स्वतःलाच पाडायचा. टाचणी एवढी हसली की तिला उठवावं लागलं. आठ महिने ज्याने हातात धरून घडवला, त्यालाच कळलं नाही त्याची उजवी कुठली. तू म्हणायचीसच, की तुला समोरच्याचं तोंड दिसतं, माणूस दिसत नाही. तेव्हा मला राग यायचा.

परवानगीचं सांगायचं राहिलं. रस्त्यावर उडवायचं तर कार्यालयातून कागद लागतो. अर्जात एक रकाना होता, उद्देश. शेती, सर्वेक्षण, समारंभ, इतर. मी 'इतर' वर खूण केली. पुढे लिहिलं होतं, तपशील द्या. मी लिहिलं, 'बहिणीला दाखवणे'. खिडकीतल्या बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, काय दाखवणे? मी म्हटलं, घर. त्या म्हणाल्या, मग बहिणीला घरी बोलवा की. रांगेतले लोक हसले. मी पण हसलो. पण मग त्या बाई माझ्या तोंडाकडे बघून हसायच्या थांबल्या आणि त्यांनी शिक्का मारला. अट एवढीच, की अर्धा तास रस्ता मोकळा ठेवायचा.

म्हणून गेल्या रविवारी सकाळी रस्त्याच्या एका तोंडाला लाँड्रीवाला उभा राहिला आणि दुसऱ्या तोंडाला स्टुडिओवाला. (कॅमेऱ्याची काळजी, दुसरं काही नाही.) टाचणी माझ्या बाजूला. मी दांडा वर केला आणि ताई, तो उडाला. सरळ उडाला. पहिला मजला, दुसरा, तिसरा. हिरडीच्या रंगाचा माझा ड्रोन, सकाळच्या उन्हात, तुझ्या खिडकीसमोर रस्त्याच्या बरोबर मधोमध जाऊन थांबला आणि जरासुद्धा हलला नाही. विजेच्या तारेपासून हातभर. लाँड्रीवाला खालून म्हणाला, "ताई असत्या तर त्यांनी वरूनच सांगितलं असतं, तार आहे तिकडे, सांभाळ." ते ऐकून मी वर बघायचंच विसरलो, म्हणून टाचणीने रिमोट काढून घेतला. तिला वाटलं वय झालं.

चित्र स्टुडिओवाल्याकडे बसून बघितलं. डबा डोळ्यांवर बांधला, खुर्चीत मान फिरवली. ड्रोन कुठेच दिसत नव्हता. जोड असा जमला होता की मीच चाट पडलो. शाळेचं फाटक, फाटकाशी खुर्ची उलटी टाकून बसलेला पहारेकरी. बसथांब्याचा बाक. शिंप्याच्या पाटीतलं पडलेलं अक्षर अजून पडलेलंच. समोरच्या गच्चीत गादी बडवणारी बाई, हात वर. खाली मी, मान वर, तोंड उघडं, मागच्या दाढेपर्यंत सगळं दिसतंय. मी खुशीत होतो. म्हटलं आता ताई बघेल आणि म्हणेल, बघ, केलंन पठ्ठ्याने. आणि मान आणखी थोडी वळवली तर आपली बिल्डिंग आली. मी ती समोरून कधी अशी बघितलीच नव्हती. प्रत्येक खिडकीत काही ना काही होतं, टॉवेल, कुंडी, एक मांजर, दाढी करणारा माणूस. तिसऱ्या मजल्यावर मधल्या खिडकीत गजांच्या आत तपकिरी प्लायवुड, आणि त्याच्यावर कारखान्याचा शिक्का: आतली बाजू. चौदा महिने सगळा रस्ता येता-जाता वर मान करून माझ्या कपाटाची पाठ वाचतोय, ताई, आणि मला वाटत होतं ते फक्त तुला दिसलं.

डबा डोळ्यांवर होता म्हणून बरं. आतलं कोणाला दिसलं नाही. स्टुडिओवाला म्हणाला, काच ओली झालीय, पुसून द्या.

त्या दिवशी घरी आलो आणि कपाट रिकामं केलं. सहाशे चोवीस जबडे. ते आता स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहेत, बाथरूमच्या फळीवर आहेत, तुझ्या पलंगावर रांगेने आहेत (उचलतो, लगेच उचलतो), सगळे आ करून. सकाळी दात घासायला उठलो की एवढ्या दातांसमोर ओशाळल्यासारखं होतं. कपाट लाँड्रीवाल्याने आणि मी मिळून ओढलं. सगळ्या बिल्डिंगने ऐकलं, खालचे वर येऊन बघून गेले. ते आता माझ्या खोलीत, माझ्या खिडकीसमोर आहे. मला कुठे बाहेर बघायचं असतं. (चुकलं माझं, ताई.)

चित्र या पत्राबरोबर एका बारीक कार्डात घालून पाठवतो आहे. डोळ्यांवर बांधायचा डबा धाकट्याच्या मुलीकडे आहे म्हणतात, खेळायला घेतलेला. तो मागून घे. फिरत्या खुर्चीत बस, म्हणजे मान दुखणार नाही. सावकाश बघ. आणि जमलं तर दोन ओळींनी कळव, कसं वाटलं.

धाकट्याला आणि त्याच्या बायकोला नमस्कार, पोरीला लाड. दात घासते का ते विचार.

तुझा,
(तुझ्याच शब्दांत) अतिशहाणा

ता.क. चित्र बघताना सरळ समोर शाळा येईल. तिथून उजवीकडे वळ. तुझी उजवी, माझी नव्हे.

ता.क. दुसरा. वर 'माझं ठीक चाललं आहे' असं लिहिलं आहे. ते पत्राच्या सुरुवातीला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. लोक विचारतात, ताई कधी येणार, आणि मी सांगतो, पुढच्या आठवड्यात. शिंपी हे ऐकून आधी खूश व्हायचा. आता तो विचारतच नाही, माझ्याकडे बघून नुसती मान हलवतो, आणि मला ते विचारण्यापेक्षा वाईट वाटतं. घरात बोलायला कोणी नाही असं नाही, सहाशे चोवीस तोंडं आहेत. पण मला तुझी फार आठवण येते. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं, आता तसंच ठेवतो.

ता.क. तिसरा, आणि शेवटचा. पाकिटात कार्ड शोधू नकोस. घातलं होतं. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, पेटीपर्यंत गेलो, पेटीच्या तोंडात हात घातला आणि तसाच उभा राहिलो. आठ महिने मी खपलो ते तुला तिथे बसल्या बसल्या इथलं सगळं दिसावं म्हणून. आणि तिथे बसून सगळं दिसायला लागलं तर तू इथे कशाला येशील? एवढी साधी गोष्ट मला आठ महिन्यांत सुचली नाही, पेटीशी सुचली. घरी आलो, पाकीट फोडलं, कार्ड काढून घेतलं. तेव्हा चित्र मिळणार नाही. मागितलंस तरी नाही, धाकट्याने मागितलं तरी नाही. ये ना, ताई. राग गेला नसेल तर बरोबर घेऊन ये, इथे येऊन माझ्यावर काढ. तिथे धाकट्याने काय पाप केलंय? वाचनालयाचं नाव राहू दे, पुस्तकं मी टपालाने परत पाठवीन. कुठल्या गाडीने येतेस ते कळवलं नाहीस तरी चालेल. तू गेलीस तो शनिवार होता, म्हणून शनिवारच्या दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर असतोच. गेले चौदा महिने असतो.